हिरव्या वायरची ओळ

पहिल्यांदा वाटलं, सुई टोचली. खतीजाआपांच्या शिवणकामाच्या दुकानात सुया कुठेही सापडतात, म्हणून मी बोट उलटसुलट करून पाहिलं. रक्त नव्हतं. मी माझ्या ब्लाउजचा गळा बघायला वाकले होते आणि तोल सावरायला वाफेच्या इस्त्रीच्या लोखंडी टेबलाला हात टेकला होता, एवढंच. कोपरापर्यंत काहीतरी सरसरत गेलं आणि हात माझा मागे आला. मी घेतला नाही, तो आला. मग मी जे केलं ते पंचवीस वर्षांपूर्वी डिप्लोमाला असताना वर्कशॉपच्या सरांनी शिकवलं होतं ते: हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू हळूच टेबलाच्या काठाला लावली. तळहात लावायचा नाही. तळहात लावला तर बोटं मिटतात, आणि मिटली की सुटत नाहीत. मागची बाजू लावली तर हात झटक्याने बाहेरच फेकला जातो. फेकला गेला. सुई नव्हती. टेबलाला करंट होता.

"लागला का ताई? सॉरी हां," खतीजाआपा कटिंगच्या टेबलामागून म्हणाल्या, कात्री न थांबवता. "ती चटई आज धुवायला काढली ना. म्हणून लागला. नाहीतर कस्टमरला लागत नाही." दारापासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत एरवी प्लास्टिकची चटई असते, ती बाहेर कठड्यावर पाणी गाळत टांगलेली मला येतानाच दिसली होती. जुलैतली ओल लादीवर होती आणि माझे पाय अनवाणी होते, कारण चपला दाराबाहेर काढायच्या अशी इथली रीत. म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मी खाली बघितलं. मशीनवर बसलेल्या चारही बायकांच्या पायात निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला होत्या. खतीजाआपांच्या पायात होत्या. त्यांची सून माहनूर इस्त्रीपाशी उभी होती, सातवा महिना, तिच्या सुजलेल्या पायात होत्या. सहा वर्षं मी या दुकानात येते आहे. सहा वर्षं मी त्या चपला बघते आहे. गिऱ्हाइकाने बाहेर काढायच्या आणि या बायका मात्र आत घालून बसतात, हे मला दिसत होतं, आणि मी मनाशी एक उत्तर देऊन मोकळी झाले होते. काय उत्तर? त्यांच्यात तशी पद्धत असेल. हे मी, अरुंधती, इलेक्ट्रिकलची डिप्लोमाधारक, पनवेलच्या एका नावाजलेल्या कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात एकवीस वर्षं एस्टिमेट बनवणारी बाई, म्हणत होते. रबरी चपला बघून मला धर्म आठवला, वीज नाही आठवली.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "अरे ते तर पहिल्यापासून है थोडं थोडं," आपा म्हणाल्या, "पावसात जास्ती." माहनूर हळू म्हणाली, "मागच्या हफ्त्यापासून खूप झालंय, आंटी. परवा माझा हात लवकर सुटलाच नाही. बत्ती पण कमीजास्त होते, बघा ना वर." मी वर बघितलं. ट्यूब मंद झाली, पुन्हा उजळली. दिवे असे मागेपुढे होतात तेव्हा कुठेतरी न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीचा, सांधा सैल झालेला असतो आणि दर दिवशी थोडा थोडा जळत असतो, हे मला पाठ आहे. परीक्षेत त्याला पाच मार्क होते. "वायरमनला दाखवलंत?" "दाखवलं तर! बिल्डिंगचा माणूस आला, दिवा लावून बघितला. एकदम फुल पेटला. बोलला, अर्थिंग ओके है, दिवारीला ओल आलीये, बाकी काही नाही." आपांनी कात्री खाली ठेवली. "आणि वायरिंग तर तुमच्याच कंपनीचं है ना? तुम्हीच सांगितलेलं, पहिल्यांदा आल्या तेव्हा."

सांगितलं होतं. अगदी ऐटीत सांगितलं होतं. मयूरेश आर्केड, चौसष्ट गाळे, उरण नाक्याच्या अलीकडे. सगळं काम आमचं, आपा, वायरिंगबाबत निर्धास्त राहा. बाईमाणसाला आपण केलेलं काम कुठे उभं आहे हे दाखवायला मिळतं किती वेळा? पोळी केली तर संध्याकाळी संपते. ही इमारत उभी होती आणि तिच्या भिंतींच्या आतलं सगळं एकदा माझ्या टेबलावरच्या कागदावर होतं. मी आपांना म्हटलं, मेन स्विच बंद करा, दहा मिनिटं. त्या कुरकुरल्या, पण केला. शिलाई मशीनचा छोटा पेचकस मागून घेतला आणि इस्त्रीच्या सॉकेटची पट्टी खोलली. नखात धूळ गेली. आत दोनच वायरी होत्या, लाल आणि काळी. तिसरी, हिरवी, अर्थची, नव्हतीच. आणि जिथे ती यायला हवी त्या वरच्या मोठ्या भोकाच्या पितळेला, काळ्या वायरीचा दोन इंचांचा एक तुकडा न्यूट्रलमधून वाकवून जोडलेला होता. नीटनेटका, स्क्रू घट्ट, कारागिराचं काम. पाइपाचं तोंड दिसत होतं. पांढरं, प्लास्टिकचं.

मी तिथेच गुडघ्यांवर बसून होते. तो दोन इंचांचा तुकडा काय करतो हे मला माहीत होतं. वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन येतो, एक टोक फेजमध्ये, एक मोठ्या भोकात, आणि दिवा लख्ख पेटतो. पेटणारच, कारण भोकामागे जमीन नाही, न्यूट्रल आहे. तपासणारा समाधानाने मान हलवतो आणि पुढच्या सॉकेटकडे जातो. मग एके दिवशी न्यूट्रलचा सांधा सैल होतो, आणि जी वीज परत जायची ती त्या तुकड्यातून, इस्त्रीच्या वायरीतून, तिच्या लोखंडी टेबलावर येऊन थांबते. आधी झिणझिण्या. मग हात चिकटणं. मग ज्या दिवशी सांधा पूर्ण तुटेल त्या दिवशी अख्खे दोनशे तीस व्होल्ट, आणि टेबलापाशी कोण उभं असेल? मी माहनूरकडे पाहिलं. ती पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती, थोडं कौतुकानेच, की आंटीला पेचकस चालवता येतो. "आपा, ही इस्त्री लावू नका. काहीच लावू नका. मी ऑफिसात जाऊन येते." "ताई, ईद सहा दिवसांवर है," आपा म्हणाल्या, "छत्तीस जोड बाकी है माझे. बोलायला सोपं है." मी पट्टी परत बसवली, ब्लाउज न घेता बाहेर पडले, आणि जिन्याच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच मागे मेन स्विचचा खटका आणि चार मशीनची घरघर ऐकू आली. मला त्यांचा इतका राग आला की वाटलं, परत जाऊन त्यांना खांद्याला धरून हलवावं. काय बायका आहेत या! करंट लागतो तर चपला घालतात. नवरा मारतो तर जाड कपडे घालत असतील. मग लक्षात आलं, मी रागावायला सोयीचं माणूस शोधते आहे.

उरण नाक्यावरून टपाल नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसपर्यंत पायी वीस मिनिटं लागतात. रिक्षा मिळत होत्या, घेतली नाही. मला चालायचं होतं, पाय आपटत चालायचं होतं. रस्ता खोदलेला होता, कडेला केबलची भेंडोळी पडली होती, नव्या विमानतळाच्या जाहिरातीतलं विमान एका पत्र्यावरून गेली कित्येक वर्षं उडत होतं. प्रत्येक दुकानाकडे मी बघत होते आणि मला आतल्या भिंती दिसत होत्या. मिठाईवाल्याचं काचेचं थंड कपाट. झेरॉक्सवाल्याचं मशीन. डेंटिस्टची खुर्ची. याच्या मागे हिरवी वायर असेल का? त्याच्या? आणि नसेल तर ती कुणाच्या टेबलावर कापली गेली असेल? दोन हजार सात साल. मयूरेशचं एस्टिमेट मीच केलं होतं, सहा दिवस खपून. प्रत्येक गाळ्याचे दिवे, पंखे, सॉकेट, प्रत्येकाच्या वायरीची लांबी मी ड्रॉइंगवर पट्टी ठेवून मोजली होती. बिल्डर म्हणाला, महाग आहे, दुसरा तुमच्यापेक्षा खाली आहे. सत्यजीतने माझ्यासमोर फाइल टाकली आणि म्हणाला, "मॅडम, घासा जरा. कुठेतरी चरबी असेलच." सत्यजीत म्हणजे आमचे मालक, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण मालक. त्याच्या वडिलांनी मला कामावर घेतलं होतं. साइटवर पाठवा म्हटलं तर हसले होते, बाईमाणूस शिड्यांवर कशाला, इथे पंख्याखाली बसा. मी पंख्याखाली बसले. एकवीस वर्षं बसले आहे.

तर चरबी मी शोधली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच शोधली. ओळ क्रमांक चार: हिरवी वायर, दीड चौरस मिलिमीटर, सर्व सर्किटमधून स्वतंत्र ओढणे. ओळ क्रमांक सहा: लोखंडी पाइप. मी विचार केला, पाइप लोखंडाचा आहे, सलग आहे, आटे घट्ट आहेत, बोर्डापासून सॉकेटपर्यंत जातो. मग पाइपच अर्थ. परदेशात असं करतात, मी वाचलं होतं. तो पाइप असताना आणखी हिरवी वायर म्हणजे एकाच कामाला दोन गडी. आपल्याकडे इन्स्पेक्टर काचकूच करतील, पण समजावता येईल. मी चार नंबरच्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. गाळ्यामागे अकराशे रुपये वाचले. सत्यजीत खूष झाला, म्हणाला, मॅडम, तुमचं डोकं म्हणजे डोकं आहे. संध्याकाळी मी घरी चांगला अर्धा किलो आम्रखंड नेलं आणि कृष्णकांतना, माझ्या नवऱ्याला, सगळं समजावून सांगितलं. ते बँकेत, त्यांना काय कळणार, पण त्यांनीही वाहवा केली. आज त्या आम्रखंडाची चव तोंडात आली आणि मला रस्त्यात थुंकावंसं वाटलं. अकराशे रुपये. आपांच्याकडे अस्तराच्या ब्लाउजची शिलाई चारशे आहे. पावणेतीन ब्लाउज.

पण तिथपर्यंत ते चूकही नव्हतं. हेच तर मला चालता चालता जास्त चिडवत होतं, की त्या पायरीपर्यंत मी कुणाशीही वाद घालू शकले असते. पाइप लोखंडी, पाइप अर्थ. वादाचा मुद्दा, पण मुद्दा. तीन आठवड्यांनी बिल्डर पुन्हा आला. आता त्याला लोखंडी पाइपच नको होता. सगळीकडे पीव्हीसी वापरतात, गंजत नाही, स्वस्त आहे, पटकन बसतो. सत्यजीत म्हणाला, बदला. मी बदलला. ओळ क्रमांक सहा खोडून प्लास्टिकचा पाइप लिहिला, दर बदलला, बेरीज केली. तोही निर्णय बरोबरच होता, प्लास्टिकच्या पाइपात काही वाईट नाही, आत हिरवी वायर असेल तर. फक्त चार नंबरची ओळ तेव्हा कागदावर नव्हती, कारण ती मीच आधी खोडली होती, आणि दुसऱ्या वेळेला फाइल स्वच्छ टाइप करून आली होती. जे आहे ते चुकलं तर डोळ्याला खुपतं. जे नाहीच ते कसं खुपणार? मी मनातल्या मनात त्या दिवसासाठी निमित्त शोधत होते. मुलीला ताप असेल. ऑफिसात वीज गेली असेल. घाई असेल. काही नव्हतं. साधा दिवस होता, वेळ भरपूर होता, मी डबा खाल्ला होता. मी फक्त एक ओळ बदलली, तिच्या वरची गेलेली ओळ मला आठवली नाही.

सत्यजीत केबिनमध्ये होता. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, इस्त्रीचं टेबल, दोन इंचांचा तुकडा, पांढरा पाइप, सातवा महिना. तो ऐकत राहिला, पेन उघडत-मिटत. त्याचा चेहरा उतरला, नाही असं नाही. पण उतरलेला चेहरा त्याने पुसून घेतला. "मॅडम, नऊ वर्षं झाली. आपली जबाबदारी एका वर्षाची. मधे कुणीकुणी काय काय काम केलं असेल तिथे." "तुकडा मूळचा आहे. स्क्रूवर रंग आहे आपल्या वेळचा." "टेस्ट रिपोर्ट आहे आपल्याकडे. सगळे गाळे पास." "दिवा पेटला म्हणून पास!" मी ओरडले. बाहेरचे टायपिंगचे आवाज थांबले. "सत्यजीत, ती मुलगी मरेल." त्याने दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात, अगदी सभ्यपणे, म्हणाला, "ईद होऊ दे. मग माणूस पाठवतो, गुपचूप तेवढा गाळा करून देऊ. चौसष्ट गाळ्यांत तुम्ही सांगत फिरणार आहात का? रिपोर्टवर सही माझी आहे, मान्य. एस्टिमेट कुणाच्या अक्षरात आहे?" तो धमकी देत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो मला वाचवतो आहे. त्याच्या टेबलावर काचेखाली त्याच्या वडिलांचा फोटो होता, पंख्याखाली बसा म्हणणाऱ्या. मी त्या काचेवर हात आपटला. काच तडकली नाही, माझंच मनगट दुखलं.

मग मला विठू आठवला आणि मी जवळजवळ धावतच मागच्या गोदामात गेले. तो तुकडा वाकवणारा हात विठूचा, हे मला स्क्रू बघताच कळलं होतं. आमच्याकडे एवढं नेटकं काम दुसरं कुणी करत नाही. विठू नेरे गावचा, माझ्याच वयाचा, साइटवर तीस वर्षं. हा सापडला की झालं. कागद हा कागद असतो, पण तो तुकडा जोडून लूप मारला तो याने, जाणूनबुजून, फसवायला, चौसष्ट वेळा. तो जमिनीवर बसून वायरीची बंडलं लावत होता. "विठूदादा, मयूरेशमध्ये न्यूट्रलचा लूप कुणी मारला?" त्याने वर बघितलं. "मी मारला." "सगळीकडे?" "समद्या गाळ्यांत. का?" "का? मला विचारता का? लाज नाही वाटली? लोकांच्या जिवाशी खेळ?" मी बोलत गेले. काय काय बोलले ते आठवत नाही. तोंडाला येईल ते बोलले, एकवीस वर्षांत त्याच्याशी बोलले नसेन तेवढं बोलले. तो उठून उभा राहिला नाही की मध्ये बोलला नाही. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "मॅडम, हिरवी वायर तुमी दिलीच नव्हती. सायेब बोल्ले, तपासनीला दिवा पेटला पायजे. मी तुमच्याकडं इचाराया आलो व्हतो. आटवत नाय?"

नाही, मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता आठवलं. माझं टेबल, दुपार, मी दुसऱ्याच कुठल्या तरी कामाचे आकडे बेरजेला लावलेले. समोर कुणीतरी उभं आहे, हातात टोपी, सिमेंटचा वास. मॅडम, अर्थला काय जोडू, वायर नाय आली. आणि मी आकड्यांवरचं बोट न उचलता म्हणाले होते, पाइपच अर्थ आहे, विठू. लिहिलंय तसं. वाचत नाही का तुम्ही लोक? तो थोडा वेळ उभा राहिला होता. पाइप, असं काहीतरी म्हणाला होता. मी पेन्सिलने टेबलावर टकटक केलं होतं, झालं, जा, अशा अर्थाने. "मी पाइप घेऊन बघत बसलो सांजपातूर," विठू म्हणाला. "पिलास्टिकचा पाइप. हेच्यातून अर्थ कसा जायाचा? मंग म्हनलं, मॅडम शिकलेल्या हायेत. काय तरी असंल त्येंच्यात." त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. ठपका असता तर मी पुन्हा ओरडू शकले असते. काय तरी असेल त्यांच्यात. मी आपांच्या चपला बघून म्हटलं, विठूने माझा कागद बघून म्हटलं. मी तिथेच एका बंडलावर बसले आणि मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं, आणि आता तो जायला दुसरं घर उरलं नव्हतं. विठू उठला, कोपऱ्यातली दोन बंडलं ओढून बाहेर काढली. हिरवी. "ही हाय शिल्लक. एका गाळ्याला पुरंल. चला," म्हणाला. "सायबांना इचारायचं काय?" मी नाही म्हटलं. तो हसला नाही, पण बंडलं खांद्यावर टाकताना त्याने नाकातून श्वास सोडला, नऊ वर्षं आत धरून ठेवल्यासारखा.

रिक्षात आम्ही दोघं आणि मधे वायर. मी वाक्यं जुळवत होते. आपा, एक तांत्रिक दोष आहे. आपा, इमारतीच्या कामात एक त्रुटी राहिली. त्रुटी राहिली! किती छान राहते ती, आपली आपण, कुणी न ठेवता. पूर्ण वाटभर मी अशी वाक्यं केली ज्यांत करणारा कुणीच नव्हता, आणि प्रत्येक वाक्यानंतर मला ते चिरून टाकावंसं वाटलं. एकवीस वर्षं मी हीच भाषा लिहिली आहे. पुरवणे, बसवणे, जोडणे, तपासून कार्यान्वित करणे. कोण पुरवणार, कोण बसवणार, ओळीत कधी माणूस नसतो.

दुकानात चारही मशीन चालू होती. चटई अजून वाळली नव्हती. माहनूर इस्त्रीपाशीच होती, हिरव्या ओढणीवर वाफ सोडत. मी चपला दाराबाहेर काढल्या. खरं तर काढायला नको होत्या, पण सवय. विठू बंडलं घेऊन दारातच थांबला. "आपा, बंद करा सगळं. दोन दिवस लागतील. नवी वायर ओढायची आहे." "दोन दिवस?" आपा हसल्या. "ताई, मस्करी करता काय? ईद झाली की दोन काय, आठ दिवस घ्या. आता नाही." "आपा, धोका आहे." "धोका है तर दिवा कसा पेटतो? मी माझ्या डोळ्यांनी बघितला." मी तुकड्याचं सांगायला लागले, न्यूट्रलचं, सांध्याचं. माझे शब्द मशीनच्या आवाजात पडत होते आणि आपा ऐकताहेत असं दाखवत खडूने कापडावर रेघ मारत होत्या. मी त्यांचा खडू धरला. "आपा, भिंतीत एक वायर असायला हवी होती. ती मी काढली. मी. माझ्या हाताने रेघ मारली त्यावर, गाळ्यामागे अकराशे रुपये वाचवायला. आणि मग विसरले. हा माणूस विचारायला आला तर त्याला हाकलला. दुसऱ्या कुणाचं काही नाही त्यात."

एक मशीन थांबलं. मग दुसरं. आपांनी हळूच माझ्या हातातून खडू सोडवून घेतला. त्यांना समजलं होतं की नव्हतं हे चेहऱ्यावरून कळेना. त्या माझ्याकडे कापडाचा दोष शोधताना बघतात तशा बघत होत्या. "तुम्ही बोललेलात, निर्धास्त राहा," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना तेच सांगितलं. मुलींना सांगितलं. माहनूर घाबरायची, तिला मी ओरडले, बोलले खामखा नखरे करते, ताईंच्या कंपनीचं काम है." "हो," मी म्हणाले. आपा उसळल्या. "आणि आता बोलता, बंद करा. सहा दिवसांवर ईद. माझा मुलगा इमाद तिकडे कतारला, इथे मी या चार जणींना काय देऊ?" त्यांनी मशीनवरच्या बायकांकडे हात केला. "दिवा खोटा बोलतो, ते तुम्ही बोलता. तुमचं आधीचं खोटं होतं, तेही तुम्हीच बोलता. मी कोणतं धरू?" त्यांनी कात्री टेबलावर आपटली. "लावा हात."

"काय?" "टेबलाला. लावा. आम्ही रोज लावतो." सगळी मशीनं आता थांबली होती, फक्त इस्त्रीची वाफ फुसफुसत होती आणि वर ट्यूब मंद होऊन पुन्हा उजळत होती. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी टेबलाकडे गेले. लादी पायांना गार आणि ओली लागली. मी हात उचलला, उलटा केला, बोटांची मागची बाजू पुढे केली.

"उलटा नाही," आपा म्हणाल्या. "सीधा. माहनूर लावते तसा."

मी हात सुलटा केला. टेबलाचा काठ घासून घासून गुळगुळीत झाला होता, रंग उडून लोखंड दिसत होतं, जिथे रोज तळवा टेकत असेल तिथे. मी हात खाली नेला. लावायचाच असं मी ठरवलं होतं, माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती, मला तेवढं तरी देणं भागच होतं. हात टेबलापासून चार बोटांवर आला, तीन बोटं, दोन. आणि थांबला. मी त्याला ढकलत होते आणि तो जात नव्हता. त्याला सगळं पाठ होतं. घामाने माझा तळवा चमकत होता, आणि मला माझ्या घशातून एक आवाज आलेला ऐकू आला.

आपा त्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांचा चेहरा बदलला, पहिल्यांदा त्यावर भीती आली. "माहनूर," त्या म्हणाल्या, "सोड ती इस्त्री. हट तिथून. हट!" माहनूर मागे सरली, चपलांचा चटचट आवाज करत, दोन्ही हात पोटाशी घेऊन. आपा भिंतीपाशी गेल्या आणि मेन स्विचचा खटका त्यांनी खाली ओढला. ट्यूब विझली. इस्त्रीची फुसफूस हळूहळू बसत गेली. दारात विठूने खांद्यावरची बंडलं उतरवून लादीवर ठेवली.

आपा अंधारात माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"बंद केलंय, ताई," त्या म्हणाल्या. "आता तरी लावा."

माझा हात टेबलाच्या वर दोन बोटं तसाच राहिला.